मागच्या सीटवरचे आकडे

फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी ऑफिसला निघालो होतो आणि नागपूरजवळच्या वाडीच्या नाक्याआधी, गोदामांची रांग सुरू होते तिथे, स्कूटर डाव्या बाजूला घेऊन उभा होतो. पलीकडून भाऊजी बोलत होते, माझ्या चुलतबहिणीचे, कुमुदताईचे यजमान. हा माणूस तीस वर्षे एस.टी. चालवलेला, एरवी फोनवरही इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलतो. त्या दिवशी मात्र मला फोन कानाशी घट्ट दाबावा लागला. "मधू, तुही ताई गेली गा. नऊ पंचवीसले," ते म्हणाले. फोन खिशात ठेवल्यावर लक्षात आले की एक ट्रक माझ्यापासून चार फुटांवर मागे येत होता, त्याचा तो टूं-टूं आवाज चालू होता, आणि मला तो ऐकूच आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी याच आवाजाने मी याच जागी दगडासारखा उभा राहत असे. ताई असती तर तिने आधी पर्समधून स्टॉपवॉच काढले असते आणि मग रडली असती.

त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, आदरांजली वाहताना, तिच्याबद्दल पुष्कळ लोक चांगले बोलले. मायाळू होती, कष्टाळू होती, कुटुंबासाठी झटली, असे. सगळे खरे आहे, पण ते कोणाही ताईबद्दल खरे ठरेल. मी पाटबंधारे खात्यात धरणांच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. पातळी 'बरीच' होती असे आमच्याकडे लिहून चालत नाही, मीटर आणि सेंटिमीटर लिहावे लागतात. म्हणून ताईबद्दल मला जेवढे नेमके माहीत आहे तेवढेच लिहितो.

ती माझ्या मोठ्या काकांची मुलगी, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पारशिवनीजवळच्या गावातून दहावीनंतर नागपूरला आमच्या घरी शिकायला आली, बी.एस्सी. झाली आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागली. तिथे तिने तेहतीस वर्षे पांढरे उंदीर सांभाळले. उंदरांना कोणते औषध दिले की ते कसे वागतात, घाबरतात किती, विसरतात किती, हे मोजायचे तिचे काम. प्रबंधावर नाव डॉक्टरांचे येई. पण कोणता उंदीर आज बिघडलेला आहे, त्याच्यावर प्रयोग करू नका, हे डॉक्टर तिलाच विचारत. मी चौदा वर्षांचा असताना ती मला एकदा प्राण्यांची खोली दाखवायला घेऊन गेली होती. मी आधी पिंजरे मोजले, चौसष्ट होते. तिने एक उंदीर माझ्या तळहातावर ठेवला आणि मी मूठ आवळली. "घट्ट नको धरू गा," ती म्हणाली. "तू भेला म्हणून घट्ट धरते. तू घट्ट धरलं म्हणून तो भेते. अन् भेला का चावते." उंदीर चावलाच. तिने माझ्या बोटाला आयोडीन लावता लावता त्या उंदराची माफी मागितली, माझी नाही.

घरात तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कोणी म्हणाले, मला भीती वाटते, तर ती विचारायची, "किती?" दहापैकी किती, असा तिचा प्रश्न असे. परीक्षेला निघालेल्या भाच्याला, ऑपरेशनला निघालेल्या काकूला, लग्नाच्या दिवशी माझ्या बायकोला, सुषमाला, सगळ्यांना तिने हे विचारले होते. सुषमाने 'नऊ' सांगितले होते. त्यावर ताई म्हणाली, "बरोबर आहे. आम्ही याले जन्मल्यापासून ओळखतो." लोक हसायचे, पण आकडा सांगितला की माणूस खरोखरच थोडा सैल पडायचा. मी याचे कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, मोजायला लागलेला माणूस भीतीच्या आत नसतो, बाजूला उभा असतो.

आता माझ्या अपघाताबद्दल. माझे घर वाडीच्या पलीकडे, अमरावती रस्त्याला लागून असलेल्या एका वस्तीत आहे. ऑफिस शहरात. मध्ये वाडी, म्हणजे गोदामे, ट्रक, माल चढवणारे-उतरवणारे आणि पुन्हा ट्रक. तीन वर्षांपूर्वी हिवाळा संपताना एक ट्रक गोदामातून मागे मागे थेट रस्त्यावर आला आणि मी स्कूटरसह त्याच्या मागच्या चाकाजवळ अडकलो. फार नाही, सहा-सात फूट फरफटलो. गळ्याजवळचे हाड आणि दोन फासळ्या मोडल्या. सात आठवड्यांत हाडे जुळली. पण ट्रक मागे येताना जो टूं-टूं आवाज करतो, तो माझ्या डोक्यात राहून गेला. तो आवाज आला की पाय जमिनीला चिकटायचे, तोंड कोरडे पडायचे आणि छाती अशी धडधडायची की जुळलेल्या फासळ्या मोजता याव्यात. घरात कपडे धुण्याचे मशीन काम संपल्यावर तसाच आवाज करते. मी दोनदा हातातला चहा सांडला. त्या ट्रकच्या पाटीचे शेवटचे चार आकडे मला आजही पाठ आहेत, पण त्या दिवशी डब्यात काय होते ते आठवत नाही.

मी वाडी टाळू लागलो. हिंगण्याच्या बाजूने वळसा घालून ऑफिसला जायचो, जाऊन-येऊन सतरा किलोमीटर जास्त. घरी सांगितले की सकाळी ऑफिसात काम वाढले आहे. अपघातानंतर डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी झोपेची गोळी लिहून दिली होती, ती मी जुन्याच चिठ्ठीवर आणून अकरा महिने घेत राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण आकडा अकरा आहे तर अकराच लिहिला पाहिजे. शेवटी एक दिवस मी सुषमाला म्हणालो, हे घर विकू, शहरात भाड्याने राहू. ते घर आम्ही दोघांनी जागेवर उभे राहून बांधून घेतले होते. पायरीची उंचीसुद्धा तिने स्वतः चढून-उतरून ठरवली होती. तिने ताईला फोन केला.

ताई दुसऱ्याच दिवशी आली. जरीपटक्याजवळ तिचे घर, तिथून भाऊजींच्या गाडीवर मागे बसून. आल्याबरोबर तिने माझ्या स्कूटरचे मीटर पाहिले आणि घरात येऊन बसली.

"काय गा मधू, लवकर निघून राहिला म्हणते घरून आजकाल?"

"काम वाढलं, ताई."

"काम वाढलं का रस्ता वाढला? मले नको सांगू. तुह्या मीटरनं सांगितलं."

भाऊजी म्हणाले, "तीस वर्षं मी वाडीतून गाडी काढली. कायचं भेव लेका? ट्रकवालाही माणूसच असते."

"तुम्ही चूप बसा," ताई म्हणाली. "तुम्ही ज्याच्यात बसत होता ते ट्रकपेक्षा मोठं होतं."

मग तिने पर्समधून स्टॉपवॉच काढले. जुने, स्टीलचे, चावी द्यायचे, मुठीएवढे जड. नवी यंत्रे आल्यावर विभागाने ते भंगारात काढले होते, तिने निवृत्तीच्या वेळी रीतसर अर्ज करून मागून घेतले. त्या घड्याळावर तिने उंदीर किती सेकंद थिजून राहतो ते मोजले होते. तिने मला समजावले ते असे. उंदराला एका खोक्यात ठेवून घंटी वाजवतात आणि लगेच पायाला विजेचा हलका झटका देतात. दोन-तीनदा झाले की नुसत्या घंटीनेही उंदीर थिजतो. मिशीसुद्धा हलत नाही. माझी घंटी म्हणजे ट्रकचा टूं-टूं. धोक्याच्या वेळी अंगात जे रसायन उसळते ते मेंदूतल्या पेशींवरच्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसते, त्या जागांना रिसेप्टर म्हणतात, आणि ते बसले की आठवण कोरल्यासारखी पक्की होते. म्हणून ट्रकचा नंबर राहिला आणि डब्यातली भाजी गेली. "तुहा मेंदू बिघडला नाही," ती म्हणाली. "त्यानं एकदम चोख नोंद केली आहे. तुह्याच खात्यातला शोभते."

उपाय उंदराचाच. घंटी वाजवत राहायची आणि झटका द्यायचा नाही. पुन्हा पुन्हा. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी साडेसातला भाऊजी तिला वाडीत आणून सोडत आणि स्वतः चहाच्या टपरीवर बसत. मी घरून स्कूटर घेऊन यायचो, ताई मागे बसायची आणि आम्ही गोदामांच्या रांगेसमोरून हळूहळू जायचो. टूं-टूं आला की मी थांबायचो, ती स्टॉपवॉच दाबायची. मी पुन्हा निघालो की बंद करायची. मग विचारायची, किती? मी आकडा सांगायचो, दोन्ही आकडे मी माझ्या वहीत लिहायचो. पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटे चाळीस सेकंद थिजलो होतो. दहापैकी आठ. मागून तिचा हात खांद्यावर होता आणि ती मला तिच्या विभागातल्या एका मास्तर उंदराची गोष्ट सांगत होती, जो नव्या उंदरांना खाणे कुठे असते ते दाखवायचा. टपरीवरून भाऊजी ओरडले, "अगा, गाडी काढ ना. मागं एस.टी. उभी आहे, तिले टाइम असते." खरोखरच उभी होती.

सहाव्या आठवड्यापासून माझे आकडे उतरू लागले. सात, सहा, पाच, चार, तीन. थिजण्याचा वेळ नऊ सेकंदांवर आला. मला इतका आनंद झाला की मी आलेखाच्या कागदावर ते बिंदू मांडले, रेष जोडली आणि त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी टपरीवर ताईसमोर ठेवली. तिने चष्मा वर करून पाहिले.

"ही रेष तू स्केलनं काढली?"

"बिंदू आहेत तिथूनच काढली. सरळच येते."

"हेच तर म्हणून राहिली. भेव असं जिना उतरल्यासारखं नाही उतरत गा. आज तीन, परवा सहा, मग चार, असं उतरते. तेहतीस वर्षांत एक उंदीर नाही पाहिला मी असा." मग चष्मा खाली घेत म्हणाली, "काय घेऊन राहिला?"

खिशात त्याच झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती. सकाळी निघताना मी अर्धी गोळी घेत होतो. कारण सांगायचे तर, ती एवढ्या लांबून येते, तिला चांगले आकडे मिळावेत... मी आयुष्यात धरणाची एक पातळी कधी एका सेंटिमीटरने बदललेली नाही. आणि इथे गोळीच्या सुस्तीत, ट्रकांच्या मधून, साठी ओलांडलेल्या बहिणीला मागे बसवून गाडी चालवत होतो. भाऊजी ग्लास खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तू येतच नव्हता लेका. गोळीच येत होती गाडी घेऊन." ते हसले, ताई हसली नाही. तिने स्टॉपवॉच पर्समध्ये टाकले, भाऊजींच्या मागे बसली आणि निघून गेली. पुढचे दोन आठवडे तिचा फोन नाही.

त्या दोन आठवड्यांच्या शेवटी मी चिडून, स्वतःवरच, गोळी एका दिवसात बंद केली. ही दुसरी चूक. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम, अंगावर मुंग्या, आणि भीती अशी की आता आवाजाचीही गरज नव्हती. सुषमाने पुन्हा फोन केला. ताई आली, राग तसाच चेहऱ्यावर होता, आणि मला सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि चार महिन्यांत थोडी थोडी करून कमी करत आणली. वाचकांपैकी कोणी माझ्यासारखा असेल तर त्याने एवढे लक्षात ठेवावे, सुरू करायची तशी बंदही डॉक्टरांनाच विचारून करायची. त्या दिवशी दवाखान्याबाहेर बाकावर बसल्यावर तिने मला जे समजावले ते मी कधी विसरणार नाही.

"पंगत आठव," ती म्हणाली. "पाट मांडले आहेत. पेशीवरचे रिसेप्टर म्हणजे ते पाट. मेंदू शांत करणारं एक रसायन आपलं आपण येते अन् पाटावर बसते. तुही गोळी पाटावर नाही बसत. ती वाढपी आहे. बसलेल्याले आग्रह करते, घ्या अजून, घ्या अजून. पहिल्या दिवशी मजा येते. पण अकरा महिने रोज आग्रह झाला तर काय होईन? घरचे लोक पाट कमी मांडतात. अन् एक दिवस वाढपी पळाला. मग पाटही कमी अन् आग्रहही नाही. सगळी पंगत उपाशी. तेच झालं तुले."

"आणि वाडीत शिकलो ते?"

"ते गोळीनं शिकलं, तू नाही. गोळीच्या नशेत उंदीर शिकला तर बिनगोळीचा उंदीर कोरा राहते. आपण पहिल्या पानावर आहो."

घरी येऊन मी वहीतल्या त्या सगळ्या नोंदी लाल पेनाने खोडायला घेतल्या. तिने पेन काढून घेतला. "खोडू नको. बाजूले लिहजो, गोळीसह. चुकलेल्या प्रयोगाची नोंदच तर कामाची असते." तेव्हा मला कळले की तिचा राग गेला.

दुसऱ्यांदा आकडे खरोखर वेडेवाकडे उतरले. आठ, आठ, पाच, नऊ, सहा. चार महिने लागले. एका बुधवारी तीन आवाज झाले आणि मी एकदाही थांबलो नाही, भाऊजींनी टपरीवाल्याकडून सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. घर विकायची गोष्ट मी परत काढली नाही. पण प्रकरण संपले नव्हते. पुढच्या महिन्यात पारशिवनीला पुतण्याच्या लग्नात मी ताट हातात घेऊन उभा होतो, आणि मांडवामागे खुर्च्यांचा टेम्पो टूं-टूं करत मागे आला. मी ताटासह रचलेल्या खुर्च्यांच्या मागे जाऊन बसलो. कढी शर्टावर. नवरदेवाच्या मामाने विचारले, "काहून, इथं काहून बसले?" ताई कुठूनतरी आली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली, आणि तिला फार आनंद झाला होता. "पाह्य, पुस्तकातल्यासारखं झालं," ती म्हणाली. "जुनं भेव पुसत नाही मधू. त्याच्यावर नवी आठवण बसते, का इथं काही होत नाही म्हणून. पण ती नवी आठवण त्या जागेची असते. खोकं बदललं का जुनं वर येते. आता आपल्याले खोकी बदला लागतीन."

मग आम्ही खोकी बदलली. जरीपटक्याच्या बाजारात, कळमन्याला संत्र्यांच्या गाड्यांमध्ये, पारशिवनीच्या धान्याच्या गोदामाबाहेर. त्या दिवसांसारखी मजा मी शाळेच्या सहलीतही केली नाही. कळमन्याला तिने एका ट्रकवाल्याला सांगितले, "दादा, अजून दोन डाव मागं घे ना." त्याने कारण विचारले तर म्हणाली, "भावाले आवडते." त्याने माझ्याकडे पाहिले आणि ट्रक दोन वेळा मागे घेतला.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तिला पोटाचा आजार निघाला. निघाला तेव्हा उशीर झालेला होता, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळले, कारण रिपोर्टमधले आकडे तिला वाचता येत होते. सात महिने गेले. भाऊजी तिला आठवड्यातून दोनदा गाडीवर मागे बसवून रुग्णालयात नेत, शेवटी शेवटी रिक्षाने. दुखण्यावरचे औषध सुरू झाले तेव्हा ती मला म्हणाली, "हे दुसऱ्या पंगतीचे पाट आहेत गा. इथं औषध स्वतःच पाटावर बसते. जेवण बरं आहे." ती जाण्याच्या दहा दिवस आधी मी भेटायला गेलो होतो. ती खिडकीजवळच्या पलंगावर होती, स्टॉपवॉच उशीपाशी. दुखण्याची गोळी घेतल्यापासून ती लागू पडेपर्यंत किती मिनिटे लागतात ते मोजत होती. भाऊजी चहा करत होते, साखर कुठे आहे ते तिला ओरडून विचारत होते. मी पलंगाशी स्टूल ओढून बसलो. तीच म्हणाली, "किती?"

मी खरा सांगितला. "सहा. आणि तुझं?"

"चार," ती म्हणाली. "आज मी पुढं आहो."

मी फार हलका होऊन घरी आलो. येताना वाडीत दोन ट्रक मागे येत होते, मी मोजलेही नाही. सुषमाला सांगितले, ताई भीत नाही, चार म्हणते.

ती गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात भाऊजींनी मला बोलावले आणि एक लांब वही हातात दिली, प्रयोगशाळेत असते तशी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. "तुह्या नावाची आहे. मले काही समजत नाही यातलं." पहिल्या पानावर वाडीची पहिली तारीख. दोन रकाने. पहिल्यावर लिहिले होते 'मधू', दुसऱ्यावर 'मी'. माझे आकडे मला पाठ होते. तिचे मी पहिल्यांदा पाहत होतो. पहिला दिवस, मधू आठ, मी नऊ. पुढचा रविवार, मधू आठ, मी नऊ. मी भाऊजींकडे पाहिले.

"भेतच होती ना लेका," ते म्हणाले. "जो माणूस ट्रकच्या समोर गाडीवर थिजते, त्याच्या मागं कोण बसते? घरी येऊन दोन गिलास पाणी पेऊन आडवी व्हायची. तुले सांगू नका म्हणे."

मी खुर्चीत बसलो आणि पान पान वाचले. माझ्या त्या सरळ उतरलेल्या रेषेच्या दिवशी, मधू तीन, मी आठ. समोर बारीक अक्षरात, 'मला आठ वाटते आणि हा तीन म्हणतो. रस्ता तोच आहे. काहीतरी घेतले आहे.' तिने मला आलेख पाहून नाही, मागच्या सीटवर बसून पकडले होते. कळमन्याच्या दिवशी मधू चार, मी दोन, आणि शेजारी 'फार मजा'. शेवटच्या भरलेल्या पानावर माझ्या त्या भेटीची तारीख होती. अक्षर तिरपे गेलेले. मधू सहा. मी आठ. त्याखाली, 'त्याला चार सांगितले. आता तरी तो गाडी नीट चालवेल.'

खोट्या आकड्यासाठी जिने माझ्याशी दोन आठवडे अबोला धरला, ती मला असे फसवून गेली. मी तिथेच हसलो, आणि भाऊजींना कारण वाचून दाखवले तर तेही हसले, आणि मग आम्ही दोघे बराच वेळ स्वयंपाकघरात साखर शोधत राहिलो. सापडली नाही. बिनसाखरेचा चहा पिताना भाऊजी म्हणाले की ती गेल्यावर एकदा सोडले तर त्यांनी गाडी बाहेर काढलेली नाही. त्या दिवशी रुग्णालयाकडे वळायचा तो चौक आला आणि हँडल धरवेना. दुकान, बँक, भाचीचे घर, सगळे त्याच रस्त्याला. तीस वर्षे एस.टी. चालवलेला माणूस, दोन आठवडे पायी फिरत होता आणि कोणाला सांगत नव्हता.

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला मी त्यांच्या घरी गेलो. गाडी त्यांनी चालवली. मी मागे बसलो, एका हातात स्टॉपवॉच, मांडीवर ताईची ती लांब वही. चौकाच्या पन्नास फूट आधी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पाय खाली टेकले. मी बटण दाबले. ताईचे घड्याळ फार मोठ्याने टिकटिक करते, हे मागे बसल्यावरच कळते. मागून बस येत होती, रिक्षा येत होत्या, सगळे आम्हाला चुकवून जात होते, आणि हँडल माझ्या हातात नव्हते. सहा मिनिटे दहा सेकंदांनी भाऊजींनी गियर टाकला आणि चौक पार केला. पलीकडे जाऊन थांबले.

"किती?" मी विचारले.

"नऊ," ते म्हणाले. "लिहून घे." मग मान न वळवता, "अन् तुहं किती होतं बे?"

"तीन," मी म्हणालो.

त्यांना मागचे काही दिसत नव्हते. मी वही उघडली आणि दुसऱ्या रकान्यात सात लिहिले.